शूटिंग झालं, फिल्म कुठे झाली? नागपूरच्या स्टुडंट शॉर्टफिल्म्स एडिट टेबलवर आणि कानात का अडकतात?

कॉलेजचं सभागृह. स्क्रीनिंग सुरू आहे. पडद्यावर फुटाळ्याचा ड्रोन शॉट येतो, मागच्या रांगेतून शिट्टी वाजते. पुढच्या सीनमध्ये हिरो काहीतरी महत्त्वाचं बोलतो. त्याच्या आवाजावर कूलरची घरघर बसलेली असते आणि तिच्यावर इंटरनेटवरून घेतलेलं पियानोचं म्युझिक. दुसऱ्या रांगेतली मुलगी शेजारणीला विचारते, "काय म्हणला तो?"

तिथेच फिल्म संपलेली असते. पुढची अकरा मिनिटं फक्त पडदा चालू राहतो.

मास कम्युनिकेशन शिकणाऱ्या किंवा शिकलेल्या जवळपास प्रत्येकाला हा सीन ओळखीचा वाटेल. चित्र चांगलं, लोकेशन चांगलं, पोरांनी मेहनतही भरपूर घेतलेली, तरी फिल्म पोहोचत नाही. बहुतेक वेळा याचं कारण कॅमेऱ्यात सापडत नाही. ते शूटिंग संपल्यानंतरच्या कामात असतं, म्हणजे एडिटिंग आणि साउंड डिझाइनमध्ये.

हा विषय आत्ताच का?

कारण नागपुरात सध्या सिनेमाची चर्चा आहे. रामटेक परिसरात चित्रनगरी उभारण्याची योजना राज्य सरकारनं मांडली आहे. त्याआधी ४ मार्च २०२२ ला आलेल्या नागराज मंजुळेंच्या 'झुंड'नं नागपूरच्या वस्त्या आणि नागपूरची पोरं देशभरच्या पडद्यावर नेली. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारनं मुंबईत 'वेव्हज' ही मनोरंजन क्षेत्राची मोठी परिषद भरवली आणि कंटेंट क्रिएटर्सची अर्थव्यवस्था हा सरकारी भाषणांतला शब्द झाला.

या सगळ्या चर्चेत जमीन असते, सेट असतात, लोकेशन असतात. म्हणजे विषय शूटिंगचा असतो. पण फिल्म तयार होते ती शूटिंगनंतर, एका खोलीत, एका टेबलावर, कानाला हेडफोन लावून. त्या खोलीबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

आणि याच शहरानं देशाला एक मोठा एडिटर दिला आहे.

नागपूरचा एडिटर

राजकुमार हिराणी. 'मुन्नाभाई एमबीबीएस', 'लगे रहो मुन्नाभाई', 'थ्री इडियट्स' आणि 'पीके'चे दिग्दर्शक. जन्म १९६२ चा, नागपूरचा. वडिलांची शहरात टायपिंग इन्स्टिट्यूट होती. हिराणी पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे एफटीआयआयमध्ये गेले, पण तिथे ते डायरेक्शन शिकले नाहीत. ते शिकले एडिटिंग.

दिग्दर्शक म्हणून नाव होण्याआधी त्यांनी अनेक वर्षं जाहिराती आणि प्रोमो केले, विधू विनोद चोप्रांचा 'मिशन काश्मीर' एडिट केला. २००३ मध्ये 'मुन्नाभाई' आला, तो त्यांनी दिग्दर्शित केला आणि एडिटही स्वतःच केला. 'थ्री इडियट्स'चंही तेच.

त्यांच्या सिनेमात विनोद बरोबर जागेवर पडतो आणि हसता हसता डोळे कधी भरून येतात ते कळत नाही. त्यात लेखनाचा वाटा मोठा आहेच. पण कोणाच्या चेहऱ्यावर किती वेळ थांबायचं आणि कधी कापायचं, हे ठरतं एडिट टेबलवर. हे शिकण्यासाठी नागपूरच्या पोराला तेव्हा सातशे किलोमीटरवर जावं लागलं.

आज सॉफ्टवेअर मोबाइलमध्ये आहे. मग अडतं कुठे?

एडिटिंग म्हणजे कापाकापी नाही

सोप्या उदाहरणानं बघू. समजा, एका शॉर्टफिल्ममध्ये एकच सीन आहे. नागपुरातलं घर, मे महिना, दुपारची वेळ. आई मुलाला जेवायला वाढते आहे. मुलाला पुण्यात नोकरी लागली आहे, पण त्यानं अजून सांगितलेलं नाही. आईला ते शेजाऱ्यांकडून आधीच कळलं आहे.

आई म्हणते, "काहून रे, जेवून नाही राहिला?" मुलगा म्हणतो, "भूक नाही." संवाद एवढाच.

आता हा सीन दोन पद्धतीनं कापता येतो. पहिली पद्धत बहुतेक स्टुडंट फिल्म्समध्ये दिसते. आई बोलते तेव्हा आई दिसते, मुलगा बोलतो तेव्हा मुलगा दिसतो. जो बोलेल त्याच्यावर कट. टेबल टेनिसची मॅच बघितल्यासारखं वाटतं. माहिती पोहोचते, गोष्ट पोहोचत नाही.

दुसरी पद्धत. आई विचारते, पण पडद्यावर मुलाचा चेहरा आहे. तो ताटाकडे बघतोय. "भूक नाही" हे शब्द येतात तेव्हा कॅमेरा आईवर आहे. तिचा हात भाजीच्या डावावर क्षणभर थांबतो. आता प्रेक्षकाला कळलं की तिला माहिती आहे. एकही शब्द वाढवला नाही, नव्यानं काही शूट केलं नाही. फक्त चित्र आणि आवाज एकाच जागी न कापता पुढेमागे कापले.

यालाच जे-कट आणि एल-कट म्हणतात. पुढच्या शॉटचा आवाज आधी आला आणि चित्र नंतर, तर तो जे-कट. चित्र बदललं पण आधीच्या शॉटचा आवाज चालू राहिला, तर तो एल-कट. टाइमलाइनवर त्या क्लिपचा आकार इंग्रजी 'जे' किंवा 'एल'सारखा दिसतो, म्हणून ही नावं. एडिटिंग आणि साउंड ही दोन वेगळी खाती आहेत असं समजून काम केलं तर हे सुचतच नाही.

'अपोकॅलिप्स नाऊ'चे एडिटर आणि साउंड डिझायनर वॉल्टर मर्च यांनी कट कुठे मारायचा याचे सहा निकष सांगितले आहेत आणि त्यांना टक्केही दिले आहेत. पहिला निकष भावना, तिला ५१ टक्के. दुसरा कथा, २३ टक्के. तिसरा लय, १० टक्के. उरलेल्या १६ टक्क्यांत प्रेक्षकाची नजर, फ्रेममधली रचना आणि जागेचं सातत्य. बऱ्याच विद्यार्थ्यांचा वेळ नेमका या शेवटच्या निकषांवर जातो. मागच्या शॉटमध्ये ग्लास डाव्या हातात होता, आता उजव्या हातात कसा, यावर तासभर वाद होतो. सीन मुळात कशासाठी आहे, हा प्रश्न राहून जातो.

न कापणं हाही एडिटरचाच निर्णय असतो. चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' आठवून बघा. त्यात शाहीर नारायण कांबळेंची भूमिका करणारे वीरा साथीदार नागपूरचे. २०२१ मध्ये त्यांचं निधन झालं. 'कोर्ट'मध्ये कॅमेरा लांब थांबतो, हलत नाही. न्यायाधीश स्टेनोला एकेक वाक्य सांगत राहतात आणि खटला रेंगाळत राहतो. एडिटर रिखव देसाई यांनी तिथे पटापट कट मारले असते, तर कोर्टात माणसाचं आयुष्य कसं संपत जातं हे प्रेक्षकाला कळलं नसतं. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारी ही फिल्म दर दोन सेकंदाला कट मारायला शिकवणाऱ्या रील्सच्या काळात विद्यार्थ्यांनी एकदा तरी शांतपणे बघायला हवी.

प्रेक्षक धूसर चित्र माफ करतो, आवाज नाही

चित्र थोडं हललं, थोडं काळपट आलं, तर प्रेक्षक चालवून घेतो. कधी कधी ती स्टाइलही वाटते. पण संवाद कळला नाही, तर तो दहा सेकंदांत मोबाइल काढतो.

आता पुन्हा त्या घरात जाऊ. शूटिंगच्या वेळी नेमकं काय होतं?

मोबाइल किंवा कॅमेरा आईपासून दोन मीटरवर आहे. माइक कॅमेऱ्यातच आहे. म्हणजे माइकही दोन मीटरवर. आवाजाचा एक साधा नियम आहे: मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं उतरतो. अर्ध्या मीटरवर असलेला माइक दोन मीटरवर गेला, तर आईचा आवाज बारा डेसिबलनं खाली. पण भिंतींवरून आपटून येणारा घुमणारा आवाज आणि कूलरची घरघर तेवढ्या कमी होत नाहीत. म्हणजे आई दूर गेली, कूलर तिथेच राहिला.

त्यात मोबाइल स्वतःहून शहाणपणा करतो. कुणी बोलत नसेल तर तो आवाजाची पातळी आपोआप वाढवतो, बोलणं सुरू झालं की कमी करतो. त्यामुळे दोन वाक्यांच्या मधल्या शांततेत कूलर अंगावर धावून येतो आणि आई बोलली की दबतो. एडिटमध्ये हे दुरुस्त करणं फार अवघड असतं.

दुसरी अडचण सिंकची. बरेच मोबाइल फ्रेम-रेट स्थिर ठेवत नाहीत, कधी थोडा कमी, कधी थोडा जास्त. वेगळा रेकॉर्डर वापरला असेल, तर सुरुवातीला जुळलेला आवाज पाच मिनिटांनंतर ओठांच्या पुढेमागे सरकतो. २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद. दोन-तीन फ्रेमचा फरक पडला की काहीतरी चुकतंय असं डोळ्याला वाटायला लागतं. त्यातही आवाज चित्राच्या आधी आला तर जास्त खटकतं. कारण रोजच्या जगण्यात आधी वीज दिसते, मग गडगडाट ऐकू येतो. उलटं कधीच होत नाही.

यावरचा उपाय जुना आणि फुकट आहे: क्लॅप. पाटी आपटली की चित्रात एक नेमकी फ्रेम मिळते आणि आवाजात एक टोकदार खूण. दोन्ही जुळवायच्या, झालं. पाटी नसेल तर टाळी वाजवा. पण प्रत्येक टेकला वाजवा.

साउंड डिझाइन म्हणजे बॅकग्राउंड म्युझिक नव्हे

इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो. विद्यार्थ्यांच्या टायटल्समध्ये 'साउंड डिझाइन' असं लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात एक डाउनलोड केलेला ट्रॅक असतो.

साउंड डिझाइनमध्ये ढोबळ मानानं पाच थर असतात. संवाद. त्या जागेचा सततचा आवाज, म्हणजे ॲम्बियन्स. पात्रांच्या हालचालींचे आवाज, म्हणजे फोली: पावलं, कपड्याची सळसळ, ताटावर वाटी ठेवल्याचा आवाज. हॉलिवूडमध्ये हे काम करणाऱ्या जॅक फोली यांच्यावरून हे नाव पडलं. चौथा थर खास इफेक्ट्सचा आणि पाचवा संगीताचा. आणि या सगळ्यांसोबत एक सहावी गोष्ट, जी रेकॉर्ड करता येत नाही पण ठेवावी लागते: शांतता.

मात्र ही शांतता म्हणजे शून्य आवाज नव्हे. टाइमलाइनवर आवाज पूर्ण बंद केला, तर स्पीकर बिघडला असं वाटतं. प्रत्येक खोलीला स्वतःचा बारीक आवाज असतो, त्याला रूम टोन म्हणतात. शूटिंग संपल्यावर सगळ्यांनी तीस सेकंद गप्प उभं राहायचं आणि तो रेकॉर्ड करायचा. संवादांच्या मधल्या फटी त्यानंच भरायच्या असतात. या तीस सेकंदांना पैसे लागत नाहीत. तरी ते राहून जातात, कारण पॅकअप म्हटल्यावर कुणी थांबत नाही.

आता आई आणि मुलाच्या त्या सीनमध्ये कूलर हा शत्रू होता. त्याला पात्र केलं तर? संवाद रेकॉर्ड करताना कूलर बंद ठेवायचा. नंतर त्याचा आवाज वेगळा रेकॉर्ड करायचा आणि एडिटमध्ये हळू पातळीवर चालू ठेवायचा. मुलगा "भूक नाही" म्हणतो आणि त्याच क्षणी लाइट जाते. कूलरचा पंखा मंदावत थांबतो. घरात अचानक शांतता. आता वाटीचा आवाजही मोठा वाटतो, बाहेरचा भंगारवाला ऐकू येतो. दोघांनाही बोलावंच लागेल, असा तो क्षण होतो. पियानोची गरज राहिली का?

हा सीन नागपूरचा आहे, हे सांगायला आता ड्रोन शॉटही लागत नाही.

आवाज कोणाचा, भाषा कोणाची?

इथे विषय तंत्राच्या पुढे जातो.

मोफत साउंड लायब्ररीतले अनेक आवाज परदेशात रेकॉर्ड झालेले असतात. 'व्हिलेज मॉर्निंग' शोधलं की युरोपातले पक्षी मिळतात. 'मार्केट' शोधलं की गर्दी मिळते, पण तिची भाषा वेगळी. सीताबर्डीच्या गर्दीखाली असा आवाज टाकला, तर प्रेक्षकाला चूक बोट ठेवून दाखवता येत नाही, पण त्याचा विश्वास उडतो. नागपूरचा आवाज वेगळा आहे. संत्रा मार्केटमधली बोली, मेट्रोची घोषणा, तर्री-पोह्याच्या ठेल्यावरचा झारा, तान्हा पोळ्याला मारबत निघते तेव्हाच्या आरोळ्या. हे कुठल्याही लायब्ररीत मिळणार नाही. मोबाइल घेऊन जाऊनच आणावं लागेल.

भाषेचंही तसंच. शूटिंगचा आवाज खराब झाला की विद्यार्थी डबिंग करतात. बंद खोलीत, माइकसमोर, कागद हातात धरून. तिथे एक विचित्र गोष्ट घडते. शूटिंगच्या वेळी "काय करून राहिला बे?" म्हणणारा मुलगा माइकसमोर नकळत "काय करतोयस?" म्हणायला लागतो. माइकसमोर 'शुद्ध' बोलायचं असतं, हे शाळेपासून डोक्यात बसलेलं. खराब साउंडमुळे नागपुरी बोली फिल्ममधून अशी हळूच निघून जाते, आणि कुणी ती काढायचं ठरवलेलंही नसतं.

मराठी सिनेमात वऱ्हाडी-नागपुरी माणूस दीर्घकाळ विनोदापुरता आला. त्याचं रागावणं, प्रेम करणं, गप्प बसणं त्याच्याच बोलीत ऐकवायचं असेल, तर ते आधी नीट रेकॉर्ड व्हायला हवं. लोकेशनवरचाच आवाज वापरणं, ज्याला सिंक साउंड म्हणतात, ते त्यासाठी महत्त्वाचं. हिंदी सिनेमा अनेक दशकं डबिंगवर चालला. गोंगाट करणारे कॅमेरे आणि बघ्यांची गर्दी ही त्याची मोठी कारणं. २००१ च्या 'लगान'नं सिंक साउंड मोठ्या प्रमाणावर वापरलं आणि त्यानंतर मुख्य प्रवाहात त्याकडे नव्यानं बघितलं गेलं. स्टुडंट फिल्मची टीम लहान असते, बघ्यांची गर्दी कमी असते. सिंक साउंड खरं तर त्यांना जास्त सोपं जायला हवं.

सॉफ्टवेअर आणि एआयनं प्रश्न सुटला नाही का?

अर्धा सुटला. दाविंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती मिळते आणि त्यात एडिटिंग, कलर, साउंड सगळं आहे. ऑडॅसिटी वर्षानुवर्षं फुकट आहे. आवाज साफ करणारी एआय टूल्स आली आहेत, एक बटण दाबलं की कूलर गायब.

पण दोन अडचणी आहेत. पहिली, ही टूल्स कूलरसोबत खोलीही काढून टाकतात. आई स्वयंपाकघरात दिसते आणि आवाज रेडिओ स्टुडिओतला येतो. जास्त ताणलं तर शब्दांच्या कडा घासल्या जातात. दुसरी, टूल चूक झाकतं, निर्णय घेत नाही. कूलर नेमका कधी थांबायला हवा, हे कुठलंही बटण सांगत नाही.

हार्डवेअरचा प्रश्न मात्र खरा आहे. एडिटिंगला बऱ्यापैकी लॅपटॉप लागतो, तो प्रत्येकाकडे नसतो. ग्रुपमध्ये ज्याच्याकडे लॅपटॉप, तोच एडिटर, असं अनेकदा होतं. आवड कुणाला आहे, जमतं कुणाला, हा विचार मागे पडतो. कॉलेजची लॅब संध्याकाळी उघडी राहिली, तर हा प्रश्न बराच हलका होऊ शकतो.

आणि ते गाणं?

सबमिशनच्या आदल्या रात्री एखादं गाजलेलं गाणं फिल्मखाली टाकलं जातं. "आपण थोडीच पैसे कमावतोय?" हा युक्तिवाद ठरलेला.

कायदा काय म्हणतो? भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शिक्षणासाठी काही सवलती आहेत. शैक्षणिक संस्थेच्या कामकाजात, विद्यार्थी-शिक्षक आणि पालक अशा मर्यादित प्रेक्षकांसमोर झालेलं सादरीकरण त्यात येतं. पण फिल्म यूट्यूबवर टाकली किंवा फेस्टिव्हलला पाठवली की प्रेक्षक मर्यादित राहत नाही. आणि एका गाण्यात हक्क एक नसतो. शब्दांचा वेगळा, चालीचा वेगळा, रेकॉर्डिंगचा वेगळा. यूट्यूबची यंत्रणा गाणं आपोआप ओळखते. मग फिल्म ब्लॉक होऊ शकते किंवा तिची कमाई हक्कदाराकडे जाऊ शकते. अनेक फेस्टिव्हल अर्जातच विचारतात की संगीताचे हक्क तुमच्याकडे आहेत का.

वर्षभराची मेहनत एका गाण्यासाठी अडकवण्यापेक्षा कॉलेजमधल्याच एखाद्या गाणाऱ्या किंवा वाजवणाऱ्याला सोबत घेणं आणि त्याची लेखी परवानगी ठेवणं सोपं आहे.

चार विद्यार्थी, चार दिवस आणि कान

आता एक अलीकडचं उदाहरण. २३ मे २०२४ ला कान चित्रपट महोत्सवात 'ला सिनेफ' या विद्यार्थी विभागाचं पहिलं पारितोषिक एका भारतीय फिल्मला मिळालं. नाव 'सनफ्लावर्स वेअर द फर्स्ट वन्स टू नो'. भाषा कन्नड, लांबी १६ मिनिटं. म्हातारी कोंबडा चोरते आणि गावात सूर्य उगवायचा थांबतो, अशी लोककथेवर बेतलेली गोष्ट. जगभरातल्या ५५५ फिल्म स्कूल्समधून २,२६३ प्रवेशिका आल्या होत्या. निवडल्या गेल्या १८.

ही एफटीआयआयच्या टेलिव्हिजन विभागातल्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमाची वर्षअखेरची फिल्म होती. शूटिंगला अवघे चार दिवस मिळाले. पण मुद्दा हा की ती चार वेगवेगळ्या शाखांच्या विद्यार्थ्यांनी मिळून केली: दिग्दर्शन चिदानंद नाईक, कॅमेरा सूरज ठाकूर, एडिटिंग मनोज व्ही, साउंड अभिषेक कदम. साउंडचा विद्यार्थी पहिल्या दिवसापासून टीममध्ये होता, शेवटच्या रात्री मदतीला बोलावलेला मित्र नव्हता.

"ते एफटीआयआय आहे, त्यांच्याकडे सगळं असतं," हे म्हणणं खरं आहे. पण नागराज मंजुळेंची 'पिस्तुल्या' ही शॉर्टफिल्म आठवा. अहमदनगरमध्ये, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये, जनसंवादाचं शिक्षण घेत असताना त्यांनी ती केली. ५८ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत तिला नॉन-फीचर विभागात दिग्दर्शकाच्या पहिल्या फिल्मसाठीचा सन्मान मिळाला. पुढे 'फँड्री', 'सैराट' आणि नागपूरचा 'झुंड' तिथूनच आला. मोठी इन्स्टिट्यूट नव्हती, पण प्रोजेक्ट 'सबमिशन' म्हणून उरकलेला नव्हता.

मग बदलायचं काय?

सर्वांत आधी कॅलेंडर. अनेक ग्रुप लिहिणं आणि शूटिंग यात सगळा वेळ घालवतात आणि एडिटला दोन रात्री उरतात. जितके दिवस शूटिंग, त्याच्या किमान तिप्पट दिवस एडिट आणि साउंडला ठेवायला हवेत. आणि चित्राचं एडिट एका तारखेला 'लॉक' करायला हवं. त्यानंतर एक फ्रेमही हलवायची नाही, नाहीतर साउंडवाल्याचं सगळं काम सरकतं.

दुसरं, लोकेशन बघायला जाताना डोळे मिटून पाच मिनिटं थांबायचं. रेल्वे रूळ किती जवळ आहेत, शेजारी शाळा आहे का, मंदिराची आरती कधी असते. जागा दिसायला कशी आहे हे सगळेच बघतात, ती ऐकायला कशी आहे हेही तपासायला हवं.

तिसरं, पैसे कमी असतील तर लेन्स भाड्यानं आणण्याआधी माइक आणा. कॉलर माइक किंवा बूम, काहीही. मोबाइलला हेडफोन लावून रेकॉर्डिंग ऐकणारा एक माणूस सेटवर ठेवा आणि "पुन्हा घ्या" म्हणायचा हक्क त्याला द्या.

चौथं, मिक्स झाल्यावर ते तीन ठिकाणी ऐका: हेडफोनवर, सभागृहात आणि मोबाइलच्या स्पीकरवर. मोबाइलच्या स्पीकरवर खालच्या पट्टीतले आवाज जवळपास गायब होतात. गडगडाटावर सीन उभा असेल, तर रील बघणाऱ्याला तो ऐकूच येणार नाही. सबटायटल्सही द्या. विदर्भाबाहेरच्या प्रेक्षकाला बोली समजेल आणि म्यूटवर बघणाऱ्याला गोष्ट कळेल.

पाचवं कॉलेजांसाठी. मार्क देताना एडिटिंग आणि साउंडचे वेगळे मार्क ठेवा आणि त्या विद्यार्थ्याला वेगळं बोलवून विचारा की हा कट इथे का मारला, हा आवाज इथे का ठेवला. ज्याला मार्क नाहीत ते काम शेवटच्या रात्रीवर जातं, हे प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असतं.

नोकरीचाही प्रश्न आहे. दिग्दर्शक व्हायला निघालेले शेकडो असतात आणि जागा मोजक्या. पण न्यूज चॅनेल, लग्नाच्या फिल्म्स, यूट्यूब, पॉडकास्ट, डबिंग, ओटीटी, सगळीकडे बरा एडिटर आणि कान असलेला साउंडवाला लागतो. आणि त्यासाठी शहर सोडावंच लागतं, असं आता राहिलेलं नाही. फाइल पाठवता येते.

रामटेकची चित्रनगरी होईल तेव्हा होईल. तिथे बाहेरून युनिट येतील, शूटिंग करतील आणि हार्ड डिस्क घेऊन मुंबईला परततील. ती हार्ड डिस्क नागपुरात थांबवायची असेल, तर ती उघडून काम करणारी माणसं नागपुरात लागतील. त्यांची तयारी आजच्या कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये होते. सुरुवात फार साधी आहे: पॅकअप म्हटल्यावर तीस सेकंद सगळ्यांनी गप्प उभं राहायचं आणि खोली रेकॉर्ड करायची.